अकरावं नाव

प्रिय सर,

परवा तुमच्या मुलीनं एक फाइल आणून दिली. "बाबांच्या कपाटात होती. वर तुझं नाव लिहिलंय," एवढंच म्हणाली आणि गेली. तुम्हाला जाऊन आज 23 दिवस झाले.

फाइलमध्ये 14 कागद आहेत. 5 गुलाबी, 9 पिवळे. हे पत्र मी सगळ्यांना वाचता यावं म्हणून लिहितोय, म्हणून रंगांचा अर्थ सांगून टाकतो. बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सामन्याची नोंद ज्यावर होते त्या स्कोअरशीटच्या पांढऱ्या मूळ कागदाखाली तीन रंगीत प्रती असतात. त्यातली गुलाबी जिंकलेल्या संघाला मिळते, पिवळी हरलेल्या संघाला. म्हणजे त्या हंगामात आपण 5 सामने जिंकलो आणि 9 हरलो. कुठलाही करंडक आला नाही. तुमच्या कारकिर्दीचा हिशेब मांडणारे या हंगामाचं नावही काढणार नाहीत.

चौदाही कागदांवर आपल्या संघाच्या यादीत अकरा नावं आहेत. अकरावं माझं. खेळाडू मैदानात उतरला की त्याच्या नावापुढच्या चौकटीत स्कोअरर बारीकशी फुली मारतो. माझी चौकट चौदाही कागदांवर कोरी आहे. मी एक मिनिटही खेळलो नव्हतो. खेळूच शकत नव्हतो, आणि हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तुमच्याकडे येण्याआधीचं सांगायला हवं, नाहीतर त्या कोऱ्या चौकटीची किंमत कुणाला कळायची नाही. मी दुसऱ्या एका संघाकडून खेळत होतो. उडी मारून रिबाउंड, म्हणजे बास्केट चुकून उसळलेला चेंडू घेतला, खाली उतरताना पाय रोवला गेला आणि गुडघा आतल्या बाजूला वळला. धक्का कुणाचाच नव्हता. आतून टक्कन आवाज आला, तो मला अजून ऐकू येतो. गुडघा स्थिर ठेवणारं एसीएल हे अस्थिबंध फाटलं होतं. शस्त्रक्रिया झाली. परत खेळायला नऊ महिने, कदाचित वर्ष लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या संघाचे प्रशिक्षक एकदा भेटायला आले, "बरा झालास की ये" म्हणाले. चौथ्या दिवशी मला संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढून टाकलेलं होतं. माझ्या नंबरची जर्सी महिन्याभरात दुसऱ्याच्या अंगावर होती. फोन एकाचाही नाही. त्यांना तेव्हा माझं काही चुकलं असंही वाटत नव्हतं, आणि त्यांचं काही चुकतंय असंही वाटत नव्हतं. संघ पुढं गेला, मी मागं राहिलो, इतकं साधं होतं त्यांच्यासाठी. मी सतरा वर्षांचा होतो, सर. मांडी रोज बारीक होत होती आणि मी ती टेपनं मोजत बसायचो.

मग एका संध्याकाळी कुबड्या घेऊन तुमच्या मैदानाच्या कडेला येऊन बसलो. तुमची पोरं सराव करत होती. चेंडूचा आवाज ऐकायचा होता, बस्स. तुम्ही शिट्टी गळ्यात तशीच ठेवून माझ्याजवळ आलात. त्या काळात भेटेल तो माणूस मला दोनच गोष्टी विचारायचा, गुडघा कसा आहे आणि कधी बरा होणार. तुम्ही विचारलंत, "नंबर कोणता तुझा?"

मी म्हणालो, "होता, सर. नऊ."

"नऊ आमच्याकडे आहे एकाकडे. अकरा चालेल?"

पुढचे सोपस्कार तुम्ही कसे उरकलेत ते मला आजही ठाऊक नाही. दोन आठवड्यांनी पहिल्या सामन्याला तुम्ही मला अकरा नंबरची जर्सी दिलीत आणि स्कोअररच्या टेबलावर द्यायची यादी माझ्या समोर लिहिलीत. स्कोअरशीटवर बारा जणांची जागा असते. आपल्याकडे खेळणारे दहाच होते, त्यामुळं माझ्यामुळं कुणाची जागा गेली नाही. दहा नावं लिहून झाल्यावर तुम्ही अकरावं लिहिलंत. सावकाश, पूर्ण नाव, आडनावासकट. स्कोअररनं माझ्या कुबड्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "हा खेळणार आहे का?" तुम्ही म्हणालात, "संघात आहे." त्यानं लिहून घेतलं.

हाच तो क्षण, सर. लोक मला विचारतात की त्यांनी तुला नेमकी काय मदत केली. मी सांगायला लागतो आणि त्यांना वाटतं पुढं काहीतरी मोठं येणार आहे. पुढं काही नाही. एका माणसानं एका कागदावर माझं नाव लिहिलं, जिथं त्या नावाचा काडीचाही उपयोग नव्हता. आणि ते पुन्हा लिहिलं, आणि पुन्हा, चौदा वेळा. सहाव्या सामन्यापर्यंत माझ्या कुबड्या सुटल्या होत्या. आठव्याला मी बेंचवर बसून ओरडायला लागलो होतो. त्या मधल्या दिवसांत रात्री माझ्या डोक्यात जे विचार यायचे ते मी कुणाला सांगितले नाहीत, इथंही सांगणार नाही. पण शनिवारी यादीत आपलं नाव असणार आहे, त्यामुळं शनिवारी आपण तिथं असायला हवं, एवढी एक गोष्ट पक्की होती. मी तिला धरून राहिलो.

एकदा आपल्याच एकानं तुम्हाला विचारलं होतं, "सर, तो खेळत नाही तर नाव कशाला घालता?" तुम्ही बुटाची नाडी बांधत होतात. वर न बघता म्हणालात, "मोजताना चूक व्हायला नको."

तुम्ही फार मोजायचात. सरावानंतर चेंडू मोजायचात, पाण्याच्या बाटल्या मोजायचात, गाडीत बसल्यावर पोरं मोजायचात आणि गाडी सुटायच्या आधी पुन्हा एकदा मोजायचात. आम्हाला तो तुमचा स्वभाव वाटायचा. हंगाम संपला त्या दिवशी साहित्याच्या खोलीत चेंडू जाळीत भरताना मी तुम्हाला कारण विचारलं. तुम्ही पहिल्यांदाच माझ्याशी तुमच्या श्रद्धेबद्दल बोललात. लूकच्या शुभवर्तमानातल्या 15व्या अध्यायातली हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितलीत. शंभर मेंढरांतलं एक हरवतं, मेंढपाळ नव्याण्णव तिथंच सोडून त्या एकाला शोधायला जातो आणि खांद्यावर घेऊन येतो. गोष्ट मला माहीत होती. तुम्ही पुढं जे म्हणालात ते मी कुठंच ऐकलं नव्हतं. "सगळे त्याच्या शोधण्याचं कौतुक करतात. मला प्रश्न पडतो की एक कमी आहे हे त्याला कळलं कसं? शंभरात एक कमी असलं तर डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे तो रोज संध्याकाळी मोजत असणार. हरवलेलं नसतं तेव्हाही."

मी ख्रिस्ती नाही. आपल्या संघात बहुतेक कुणीच नव्हतं. तुम्ही आम्हाला कधी प्रार्थनेला उभं केलं नाहीत, कधी पुस्तिका वाटली नाहीत, कधी चर्चला या म्हणाला नाहीत. सामन्याआधी दोन मिनिटं तुम्ही दिसेनासे व्हायचात. कुठल्यातरी खोलीचं दार लोटलेलं असायचं. मत्तयच्या शुभवर्तमानात येशूनं तसंच सांगितलंय, खोलीत जा, दार लाव आणि मग प्रार्थना कर. हे मी खूप नंतर वाचलं. अमेरिकेत शालेय संघाचे एक प्रशिक्षक सामना संपल्यावर मैदानाच्या मधोमध गुडघे टेकून प्रार्थना करायचे. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2022 मध्ये 6 विरुद्ध 3 मतांनी त्यांच्या बाजूनं निकाल लागला. कायदा काय म्हणतो ते कायदेपंडितांनी बघावं. मला फक्त एवढं कळतं की कुणाला खेळवायचं आणि कुणाला बसवायचं हे ज्याच्या हातात असतं, त्याच्या शेजारी एखादं पोर गुडघे टेकतं तेव्हा ते मनापासून टेकतं की जागा टिकावी म्हणून, हे त्या पोरालाही नीट सांगता येत नाही. तुम्हाला ही गोष्ट कुणी न सांगता कळलेली होती. म्हणून दार लोटलेलं असायचं.

मात्र माणसांच्या गोष्टी तुम्ही भरभरून सांगायचात. मी बेंचवर तुमच्या शेजारीच बसलेला असायचो, त्यामुळं त्या सगळ्यात जास्त माझ्या वाट्याला आल्या. अमेरिकेतले बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन यांचं नाव निघालं की लोक यूसीएलए या विद्यापीठाच्या संघाची 12 वर्षांतली 10 राष्ट्रीय विजेतेपदं मोजतात. तुम्ही 1947 चं सांगायचात. तेव्हा वुडन इंडियाना स्टेट या कॉलेजच्या संघाचे प्रशिक्षक होते. राष्ट्रीय स्पर्धेचं निमंत्रण आलं, पण त्या स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी होती. संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा होता, तोही राखीव खेळाडू. त्याला घरी ठेवून संघ सहज जाऊ शकला असता, खेळावर फरक पडला नसता. वुडन यांनी निमंत्रण नाकारलं. पुढच्या वर्षी, 1948 मध्ये बंदी उठली, संघ वॉकरला घेऊन गेला आणि तो त्या स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. इंडियाना स्टेट अंतिम सामना हरलं. तुम्ही हे सांगताना "राखीव" या शब्दावर थांबायचात आणि माझ्याकडे न बघता समोरच्या खेळाकडे बघत राहायचात. वुडन सामन्याच्या वेळी एक छोटा क्रूस जवळ बाळगायचे, हेही तुम्हीच सांगितलंत. तुमच्याही खिशात काहीतरी असायचं. आम्ही कधी विचारलं नाही.

आणि नेस्मिथ. तुमच्या खोलीत एकच फोटो होता, तो त्यांचा. 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत त्यांनी पीचच्या दोन टोपल्या टांगून, 13 नियम लिहून हा खेळ सुरू केला. धर्मशास्त्र शिकलेला माणूस. धर्मोपदेशक म्हणून उभं राहण्याऐवजी व्यायामशाळेत शिरला, कारण पोरांचं मन तिथं जास्त उघडं असतं अशी त्यांची खात्री झाली होती. कॅन्सस विद्यापीठाचे ते बास्केटबॉलचे पहिले प्रशिक्षक. 55 सामने जिंकले, 60 हरले. त्या विद्यापीठाच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा हरलेले सामने जास्त असलेला प्रशिक्षक एकच, आणि तो म्हणजे ज्यानं हा खेळ शोधला तो. हे सांगताना तुम्हाला केवढा आनंद व्हायचा! मग तुम्ही जॉन मॅक्लेंडन यांच्यावर यायचात. 1930 च्या दशकात कॅन्ससला शिकणारा हा कृष्णवर्णीय विद्यार्थी, त्याला विद्यापीठाच्या संघातून खेळायला मनाई होती. म्हाताऱ्या नेस्मिथ यांनी त्याला आपल्याजवळ बसवून हा खेळ शिकवला. पुढं प्रशिक्षक झालेल्या मॅक्लेंडन यांच्या संघानं 1957, 1958 आणि 1959 असं सलग तीनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. ते विजय नेस्मिथ यांच्या 55 मध्ये कुणी धरत नाही.

रविवारी तुम्ही सराव घेत नव्हतात. काही झालं तरी नाही. एकच रविवार अपवाद, आपले दोघं शनिवारी एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते आणि बोलणं बंद झालं होतं त्यानंतरचा. तुम्ही चर्चहून तसेच आलात, इस्त्रीचा शर्ट अंगावर, आणि त्या दोघांना तासभर एकमेकांकडे पास टाकायला लावलेत. मी चेंडू आणून द्यायला होतो. नंतर तुम्ही रविवार देवासाठी राखणारे स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल यांच्याबद्दल सांगितलंत. प्राथमिक फेरी रविवारी होती म्हणून 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटर सोडली, ही गोष्ट जगाला माहीत आहे. 400 मीटरला सुवर्णपदक मिळवलं तेही माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्यांना चीनमधल्या वेइश्येनच्या छावणीत डांबलं, तिथं ते मुलांचे खेळ घ्यायचे. रविवारी नाही. पण पोरं रविवारी स्वतःच हॉकी खेळायला लागली आणि मारामाऱ्या व्हायला लागल्या, तेव्हा लिडेल रविवारी पंच म्हणून उभे राहिले. 1945 च्या फेब्रुवारीत ते त्याच छावणीत वारले. "पदकासाठी नाही मोडला रविवार," तुम्ही म्हणालात, "पोरांसाठी मोडला." त्या दोघांतला एक तुमच्या शवपेटीला खांदा द्यायला होता. दुसरा त्याच्या मागं.

सर, तिथं आणखी काही माणसं होती. ज्यांनी तुम्हाला "निकाल येत नाहीत" म्हणून बाजूला केलं तीही पांढरी फुलं घेऊन आली होती. तुमच्याबद्दल चांगलं बोलली, कर्तृत्व हा शब्द पुन्हापुन्हा वापरला. मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. तुम्ही असता तर हात दाबून गप्प बसवलं असतंत, म्हणून जास्त लिहीत नाही. पण एवढं विचारतो त्यांना, तुमच्या कपाटात करंडक आहेत, त्यातल्या प्रत्येक संघातल्या शेवटच्या पोराचं नाव तुम्हाला आठवतं का?

मला हल्ली चांगुलपणाबद्दल वेगळंच वाटायला लागलंय. लहानपणी वाटायचं की चांगला माणूस म्हणजे संकटात धावून येणारा, उडी घेणारा. तसे असतात, आणि थोर असतात. पण मला वाचवणारं जे होतं ते फार हळू होतं आणि बरंचसं कारकुनी होतं. हजेरी घेताना नाव उच्चारून मान वर करून बघणारी शिक्षिका, रात्रपाळीत खाटांवरच्या माणसांना आकड्यानं न हाकारता नावानं हाक मारणारी परिचारिका, जेवायला बसताना कोण आलं नाही ते बघून थांबणारी आजी. ही माणसं काही करताहेत असं बघणाऱ्याला वाटतही नाही. त्यांचं काम कळतं ते ती नसतात तेव्हा. माझ्या जुन्या संघातली माणसं दुष्ट नव्हती, हे आता मी म्हणू शकतो. त्यांनी मला हाकललं नाही. त्यांनी मोजलंच नाही. आणि तेवढ्यानं एक पोर बुडायच्या बेतात आलं होतं.

तुमचे आभार मी कधी मानले नाहीत. तुम्ही समोर होतात इतकी वर्षं, दर भेटीत गुडघ्याबद्दल, नोकरीबद्दल, हवापाण्याबद्दल बोललो. हे बोलायचं राहिलं. प्रत्येक वेळी वाटायचं, पुढच्या वेळी नीट बोलू, सवडीनं. शेवटच्या भेटीत तुमचा श्वास पुरत नव्हता तरी तुम्ही दारात उभं राहून मला विचारलंत की मी ज्या पोरांना शिकवतो ती किती आहेत. मी म्हणालो, पंधरा-सोळा. तुम्ही म्हणालात, "पंधरा की सोळा?" मला सांगता आलं नाही. मी घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी मोजली. सतरा निघाली. एक मुलगी तीन आठवडे आलेलीच नव्हती. माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मी तिच्या घरी गेलो. का येत नव्हती ते इथं लिहीत नाही, ते तिचं आहे. पण ती आता येते, आणि हे तुम्हाला सांगायला मी पुढच्या रविवारी येणार होतो. तुम्ही त्या आधीच्या शुक्रवारी गेलात.

त्यामुळं हे इथं लिहितोय, सगळ्यांदेखत. धन्यवाद, सर. नंबर विचारल्याबद्दल. आडनावासकट लिहिल्याबद्दल. स्कोअररला "खेळणार नाही" असं न सांगता "संघात आहे" सांगितल्याबद्दल.

फाइलमध्ये एक कागद कमी होता. तुम्ही मोजले असतील तेव्हा तुम्हालाही ते माहीत असणार, कारण तो तुम्हीच मला दिला होता. पुढच्या हंगामातला पहिला सामना. तिसऱ्या सत्रात तुम्ही मान हलवलीत, मी टेबलाजवळ गेलो, बदलीची खूण झाली आणि आत आलो. चार मिनिटं खेळलो. एक बास्केट चुकवली, एक रिबाउंड घेतला, दोन्ही पायांवर उतरलो. सामना हरलो, म्हणून कागद पिवळा. सामन्यानंतर तुम्ही तो घडी न घालता माझ्या हातात दिलात आणि अकराव्या नावापुढच्या चौकटीवर बोट ठेवलंत. तिथं स्कोअररनं मारलेली बारीकशी फुली होती. तुम्ही काही बोलला नाहीत. तुमचं बोट तिथंच होतं बराच वेळ.

तो कागद इतकी वर्षं माझ्याजवळ होता. आज बाकीच्यांबरोबर लावला.

15 झाले, सर. दोनदा मोजले.

तुमचा,
अकरा नंबर